झोपेत श्वास अडकून दचकून उठणं : घरी केलेली स्लीप स्टडी आणि भाड्याचं सीपॅप मशीन (विक्रोळी)

टेस्टला साडेचार स्टार, टेस्टनंतर जी फोनाफोनी झाली तिला दीड, मशीनला (सीपॅप, म्हणजे झोपेत दाबाने हवा सोडणारं) चार आणि मास्कला वेगळे मार्क द्यावे लागतील, ते खाली येईलच. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण मुंबईत अशा सर्व्हिस देणारे बरेच आहेत, सगळ्यांची पद्धत थोड्याफार फरकाने सारखीच, आणि तुमच्या एरियात कोण मुलगा येतो त्यावर अर्धं अवलंबून असतं.

पेशंट म्हणजे माझा मोठा भाऊ, दादा. कन्नमवार नगरला राहतो, टॅक्सी चालवतो अॅपवर, रात्री अकराला जेवतो, मान जाड, पोट पुढे, घोरणं असं की खालच्या मजल्यावरचे काका गणपतीत त्यावरून आरती करायचे. घोरण्याचं कोणालाच काही वाटत नव्हतं, आपल्याकडे घोरणं म्हणजे गाढ झोप असंच धरून चालतात. पण गेल्या पावसाळ्यापासून तो मधेच एकदम "हाआआ" करून उठून बसायला लागला, डोळे मोठे, हात गळ्याशी, दोन-चार मोठे श्वास घेतले की परत आडवा. सकाळी विचारलं तर त्याला आठवायचं पण नाही. वहिनी मात्र रात्रभर जागी, याचा श्वास परत सुरू होतो का नाही बघत.

आता इथे एक गोष्ट आधी सांगतो, रिव्ह्यू नंतर वाचा. हे मी लिहितोय ते झोपेत होणाऱ्या आणि उठल्यावर लगेच थांबणाऱ्या प्रकाराबद्दल, ज्याला स्लीप अॅप्निया म्हणतात. कोणाला जागेपणी अचानक धाप लागली, छातीत दुखतंय, दरदरून घाम, ओठ निळसर, एक वाक्य सलग बोलता येत नाही, किंवा लांबच्या प्रवासानंतर, ऑपरेशननंतर एक पाय सुजला आणि मग दम लागला, तर कसली टेस्ट नि कसलं बुकिंग, सरळ १०८ ला फोन नाहीतर जवळचं कॅज्युअल्टी असलेलं हॉस्पिटल. फुप्फुसात गुठळी अडकणं, हार्ट अटॅक, दम्याचा मोठा अटॅक, हे सगळं त्यात असू शकतं आणि तिथे वेळ महत्त्वाचा.

तर आम्ही आधी आमच्या फिजिशियनकडे गेलो आणि हे बरं झालं. कारण ऑनलाइन सर्व्हिसवाले तुम्हाला डायरेक्ट टेस्ट बुक करू देतात, डॉक्टरची चिठ्ठी पण मागत नाहीत. डॉक्टरांनी दादाला विचारलं, उठल्यावर काय करतोस. म्हणजे लगेच झोपतोस का खिडकीपाशी जाऊन बसावं लागतं. मला हा प्रश्न तेव्हा फालतू वाटला होता पण सगळा खेळ तिथेच आहे. हार्ट कमजोर असतं तेव्हा पण रात्री असंच धाप लागून उठायला होतं, साधारण झोप लागल्यावर एक-दोन तासांनी, पण ते लगेच थांबत नाही, उठून बसावं लागतं, पाय खाली सोडून बसलं की हळूहळू बरं वाटतं, कधी सोबत खोकला, संध्याकाळी पायाला सूज, दोन-तीन उशा घेतल्याशिवाय झोप नाही. घशात श्वासाचा रस्ता बंद होऊन जे होतं त्यात जाग आली की रस्ता मोकळा, काही सेकंदात माणूस नॉर्मल. दमा असेल तर पहाटेच्या सुमाराला छातीतून शिट्टीसारखा आवाज. अॅसिडिटी वर येऊन घशात गेली तर घसा आवळल्यासारखा होतो आणि तोंडाला आंबट चव. आणि पॅनिकमध्ये पण हुबेहूब असंच वाटतं, बोटांना मुंग्या येतात, छाती धडधडते. म्हणजे उठण्याची अॅक्शन एक आणि कारणं पाच-सहा. दादाचा ईसीजी आणि टूडी एको (हार्टची सोनोग्राफी) करून घेतला, हार्ट ठीक निघालं, बीपी मात्र वाढलेलं, गोळी चालू असून पण. ते पण याचंच असू शकतं म्हणाले.

दुसरी गोष्ट डॉक्टरांनी सांगितली ती फुकटातली आणि माझ्या मते अख्ख्या प्रकरणात सगळ्यात कामाची. मोबाईलवर व्हिडिओ काढा. नुसता आवाज नको, छाती-पोट दिसलं पाहिजे. वहिनीने काढला. घोरणं चालू, मग एकदम शांत, आपल्याला वाटतं चला थांबला बाबा, पण व्हिडिओत पोट वर-खाली होतंय, छाती जोर लावतेय आणि हवा मात्र आत जात नाहीये, असं बराच वेळ आणि मग तो घुसमटल्याचा फाडकन आवाज. डॉक्टरांनी तो दोनदा बघितला आणि म्हणाले आता मशीन फक्त आकडा सांगणार आहे. जोर लागतोय पण हवा नाही म्हणजे अडथळा वर घशात आहे, जीभ आणि टाळूमागचा मऊ भाग झोपेत सैल पडून मागे बसतो. काही लोकांमध्ये मेंदूकडूनच श्वास घ्यायचा सिग्नल येत नाही, तिथे छाती पण हलत नाही, ते प्रकरण वेगळं.

ज्यांच्याकडे कोविडपासून बोटाला लावायचं ऑक्सिमीटर पडलंय त्यांच्यासाठी, सकाळी उठून लावलं आणि ९७ आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. दादाचं पण ९७ च यायचं. जाग आल्यावर सगळं भरून येतं, खड्डा रात्री पडतो.

आता सर्व्हिस. बुकिंग फोनवर झालं, टेस्टचे साडेपाच हजारच्या आसपास घेतले, मुलगा रात्री साडेनऊला येतो म्हणाला आणि चक्क साडेनऊलाच आला, एलबीएसवर ट्रॅफिक असून. याचा अर्धा स्टार जास्तीचा. छोटी सुटकेस, त्यात मोबाईलएवढी एक डबी जी छातीवर पट्ट्याने बांधतात, पट्टाच छातीची हालचाल मोजतो, नाकात ऑक्सिजन लावतात तसली बारीक नळी, ती हवेचं येणंजाणं बघते, आणि बोटाला ऑक्सिमीटर. डोक्याला काही नाही. डोक्याला वायरी लावतात ती टेस्ट हॉस्पिटलच्या स्लीप लॅबमध्ये होते, तिथे मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल, पाय, सगळं मोजतात आणि रात्रभर टेक्निशियन जागा असतो. घरच्या टेस्टला माणूस खरंच झोपला का नुसता पडून राहिला हे कळत नाही, ती डबी चालू केल्यापासूनचे सगळे तास झोपेत धरते. त्यामुळे तुम्ही तीन तास तळमळत काढले तर आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी येतो. आमच्या मुलाने हे स्वतःहून सांगितलं, वर म्हणाला, "सर रोज जसे झोपता तसेच झोपा, माझ्यासाठी सरळ झोपू नका." दादा पाठीवरच झोपतो म्हणा. मुलगा मूळचा संगमेश्वरचा निघाला त्यामुळे आईने त्याला चहा पाजल्याशिवाय सोडला नाही.

ज्यांना हार्ट फेल्युअर, सीओपीडी (फुप्फुसाचा जुनाट आजार) किंवा आणखी काही मोठं आहे, किंवा अफूच्या वर्गातल्या जोरदार पेनकिलर चालू आहेत, त्यांनी ही घरची टेस्ट करून भागत नाही, त्यांना लॅबचीच लागते. हे वेबसाइटवर कुठेही नीट लिहिलेलं नव्हतं, स्टार कापायचं एक कारण.

दादाने सवयीप्रमाणे पहाटे नळी ओढून काढली पण तोपर्यंत पाच-सहा तासांचा डेटा मिळाला होता, तेवढा पुरला. सकाळी पिकअपला दुसरा माणूस, रिपोर्ट संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर पीडीएफ. आणि इथून गाडी घसरली.

पहिला रिपोर्ट आला त्यावर डॉक्टरची सही नाही, खाली बारीक अक्षरात लिहिलेलं की सॉफ्टवेअरने ऑटो स्कोअर केलाय. रिपोर्ट यायच्या आधीच फोन, "सर, सर का केस बहुत सीरियस है, आज बुक करोगे तो मशीन पे डिस्काउंट है, कल से रेट बदलेगा." अरे केस सिरीयस आहे तर डॉक्टर सांगेल, तू कोण. त्यानंतर दिवसभर फोन. मी सांगितलं मॅन्युअल स्कोअरिंग, म्हणजे माणसाने स्वतः डेटा तपासून, चेस्ट फिजिशियनच्या सहीचा रिपोर्ट द्या मग बोलू. तो द्यायला त्यांनी टाळाटाळ केली पण दिला, जास्तीचे पैसे न घेता. म्हणजे द्यायचा असतो, मागितल्याशिवाय देत नाहीत. तुम्ही बुक करतानाच विचारा, रॉ डेटा कोण बघणार आणि सही कोणाची.

रिपोर्ट वाचायचा कसा ते थोडक्यात. मेन आकडा एएचआय, तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा अर्धवट झाला. थांबला म्हणजे निदान १० सेकंद. ५ च्या आत नॉर्मल, ५ ते १५ माइल्ड, १५ ते ३० मॉडरेट, ३० च्या वर सिव्हियर. दादाचा ३८. म्हणजे सरासरी दीड मिनिटाला एकदा. ऑक्सिजन खाली कुठपर्यंत गेला होता तर ७१. हा आकडा बघून वहिनी रडायला लागली आणि दादा पहिल्यांदा गप्प झाला, नाहीतर तोपर्यंत त्याचं "तुम्ही उगाच पैसे घालवताय" चालू होतं. त्याशिवाय ९० च्या खाली एकूण किती वेळ गेला आणि पाठीवर असताना किती, कुशीवर किती हे पण बघा. दादाचा कुशीवरचा आकडा पाठीवरच्यापेक्षा बराच बरा होता.

बप्पी लाहिरी फेब्रुवारी २०२२ मध्ये जुहूच्या हॉस्पिटलमध्ये गेले तेव्हा कारण म्हणून हेच नाव आलं होतं, ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अॅप्निया, तेव्हा आम्ही बातमी बघून पुढे सरकलो होतो. दादाला डॉक्टर त्यापेक्षा पण गाडीवरून जास्त बोलले. ईस्टर्न एक्स्प्रेसवर दुपारी स्टिअरिंगवर डुलकी लागते का विचारलं तर हा म्हणतो, सगळ्यांनाच लागते. एक आठ प्रश्नांचा फॉर्म असतो, एपवर्थ नावाचा, बसून वाचताना झोप येते का, सिग्नलला थांबल्यावर येते का असे प्रश्न, २४ पैकी मार्क, १० च्या वर गेलं की दिवसाची झोप जास्त आहे समजतात. दादाचे १७. मशीन चालू होऊन नीट बसेपर्यंत रात्रीच्या एअरपोर्ट ट्रिपा बंद, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं. त्याचा धंद्यावर परिणाम झाला, ते खोटं कशाला बोला.

मशीन. सीपॅप म्हणजे ऑक्सिजनचं मशीन नव्हे, हे बिल्डिंगमध्ये प्रत्येकाला वेगळं समजावून सांगावं लागलं. ते खोलीतलीच हवा दाबाने नाकात सोडतं आणि त्या दाबामुळे घशाचा रस्ता मिटत नाही, बस एवढंच. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन नावाच्या डॉक्टरांनी १९८१ मध्ये हे पहिल्यांदा मांडलं आणि सुरुवातीचं मशीन व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरवर जुळवलेलं होतं, आताचं मशीन टिफिनच्या डब्याएवढं आणि आवाज पंख्यापेक्षा कमी. दाब साधारण ४ ते २० पर्यंत (सेंटीमीटर पाण्याच्या मापात) सेट होतो, ऑटो मॉडेल असेल तर गरजेप्रमाणे स्वतः कमीजास्त करतं.

टेस्टवाल्यांनी मशीनचा रेट दिला बासष्ट हजार, "एमआरपी पे डिस्काउंट करके". डॉक्टर म्हणाले आधी भाड्याने घ्या. दुसऱ्या एका डीलरकडून महिन्याला साडेतीन हजार आणि डिपॉझिट भरून आणलं, आणि मग त्याच कपॅसिटीचं नवीन मशीन त्याच्याकडे एक्केचाळीसला होतं. एकवीस हजारांचा फरक, एकाच मुंबईत. म्हणून माझं स्पष्ट मत, टेस्ट ज्याच्याकडे करता त्याच्याकडून मशीन घेऊ नका, निदान भाव काढल्याशिवाय तरी नाही. ज्याला मशीन विकायचंय त्याच्याच हातात रिपोर्ट, हे कसं पटणार. ऑनलाइन सेकंडहँड मशीन पण स्वस्तात दिसतात, पण फिलिप्सने जून २०२१ मध्ये आतला फोम खराब होतो म्हणून लाखो मशीन परत बोलावली होती, त्यामुळे जुनं घेत असाल तर मॉडेल आणि सिरीयल नंबर त्या रिकॉलमध्ये आहे का ते बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता मास्क. सगळा त्रास इथे. मशीनबरोबर डीलरने नाक-तोंड दोन्ही झाकणारा मोठा मास्क दिला, साइज न बघता. दादाला मिशी, तीही भरघोस, त्यामुळे वरून हवा लीक, हवा डोळ्यात, सकाळी डोळे लाल, पहिल्या आठवड्यात त्याने मास्क भिरकावून दिला आणि म्हणाला याच्यापेक्षा घोरतो ते बरं. मिशी काढ म्हटलं तर जे ऐकून घ्यावं लागलं ते इथे लिहिता येणार नाही. मग प्रिन्सेस स्ट्रीटला जाऊन नाकपुडीत बसणारा छोटा पिलो मास्क बघितला, दुकानदाराने लावून बघू दिला, हवा चालू करून, कूस बदलून, हे फार महत्त्वाचं आहे, फोटो बघून मास्क घेऊ नका. तो मिशीच्या वर, नाकपुडीशीच बसतो, लीक नाही. तोंड उघडं राहायचं त्यासाठी हनुवटीचा पट्टा. पहिल्या मास्कला एक स्टार, दुसऱ्याला पाच. ज्यांचं नाक कायम चोंदलेलं त्यांना मात्र पिलो जमणार नाही, त्यांनी आधी नाकाचं बघून घ्या.

सवयीसाठी डॉक्टरांनी सांगितलं की संध्याकाळी टीव्ही बघताना जागेपणी अर्धा तास लावून बस. क्रिकेट बघत बसायचा मास्क लावून, पुतण्या त्याला पायलट म्हणायचा. मशीनला रॅम्प म्हणून सेटिंग असतं, दाब हळूहळू वाढतो, ते डीलर बंदच ठेवून देतात, चालू करून मागा.

मुंबईच्या हवेबद्दल कोणी सांगत नाही म्हणून लिहितो. मशीनला पाण्याची टाकी असते हवा ओलसर करायला, पण पावसाळ्यात आपली हवा आधीच ओली, वर खोलीत एसी, मग नळीत पाणी साठून गुडगुड आवाज आणि नाकात थेंब. ह्युमिडिटी कमी केली आणि नळी चादरीखालून घेतली की थांबलं. टाकीत डिस्टिल्ड वॉटर, रोज सकाळी ओतून कोरडी करायची, नाहीतर दोन-तीन दिवसात चिकट थर. आणि आमच्या समोर रिडेव्हलपमेंट चालू आहे त्यामुळे फिल्टर लवकर काळा पडतो, बॉक्सवर लिहिलेल्या मुदतीची वाट बघत बसू नका.

फरक म्हणाल तर तो दचकून उठण्याचा प्रकार मास्क बदलल्यावर लगेचच थांबला, वहिनी म्हणते पहिल्या रात्री एवढी शांतता होती की मीच उठून नाकाखाली बोट धरलं. सकाळची डोकेदुखी गेली, रात्री लघवीला तीनदा उठायचा ते एकदावर आलं, हे पण त्यामुळे होतं हे आम्हाला माहीतच नव्हतं. मशीनच्या कार्डातला डेटा डॉक्टरांनी बघितला, मशीनवर असताना एएचआय ४ च्या आत. बीपीची गोळी अजून आहे, वजन जेमतेम दोन किलो उतरलंय, डॉक्टर त्यावर खूश नाहीत. कोणीतरी नातेवाईकाने झोपेची गोळी सुचवली होती, ती आणि रात्रीची दारू दोन्हीने घसा अजून सैल पडतो, त्यामुळे नाही म्हणजे नाही.

मशीनच्या खर्चाचा मेडिक्लेम मिळाला नाही, घरी वापरायचं उपकरण पॉलिसीत बसत नाही म्हणून. टेस्टचे पण खिशातूनच. केईएम, सायन, नायर या पालिकेच्या हॉस्पिटलांत चेस्टची ओपीडी आहे, ज्यांना खाजगी परवडत नाही त्यांनी व्हिडिओ घेऊन आधी तिथे दाखवा, केसपेपरची रांग आहे पण सल्ला तोच मिळतो.

गणपतीला कणकवलीला गेलो तेव्हा मशीन नेलं, छोट्या बॅगेत आरामात बसतं, पण गावाला लाइट गेली की ते बंद, मग त्या रात्री कुशीवर झोपला आणि वहिनी परत जागी. इन्व्हर्टरवर चालतं, ह्युमिडिफायर बंद ठेवला तर बॅटरी बरीच जास्त पुरते.

शेवटी आम्ही भाड्याचं परत करून नवीन घेतलं. डिपॉझिट परत मिळायला डीलरच्या मागे बराच काळ लागावं लागलं, "अकाउंटवाला सुट्टीवर आहे" हे कारण प्रत्येक फोनला. भाड्याने घेताना डिपॉझिट किती दिवसात परत ते बिलावर लिहून घ्या, मशीन परत देताना नळी, टाकी, अडॅप्टर सगळ्याचा फोटो काढा, आणि मास्क कधीच भाड्याचा घेऊ नका, तो नवीनच.